मागांच्या मागावर: सोलापुरातले चार दिवस

हुतात्मा एक्स्प्रेसचं वेळापत्रक नीट पाहिलं तर सोलापूरची निम्मी हकीकत तिथेच कळते. गाडी पहाटे सोलापूरहून पुण्याला निघते आणि संध्याकाळी पुण्याहून परत फिरते. सोलापूरकराने पुण्यात जाऊन काम उरकावं आणि रात्री घरी झोपायला यावं, अशी ही सोय आहे. पुण्याहून येऊन त्याच दिवशी परतणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

शहर ओस पडलेलं नाही, हे आधीच सांगायला हवं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सोलापूरची लोकसंख्या ८.७२ लाखांवरून ९.५१ लाखांवर गेली. म्हणजे वाढ नऊ टक्के. त्याच काळात अख्खं राज्य सोळा टक्क्यांनी वाढलं आणि पुणे शहर तेवीस टक्क्यांनी. आकसलंय ते इथलं काम, कापड गिरण्यांचं आणि मागांचं. म्हणून रिकाम्या इमारतींचे फोटो काढून परतायला आलात तर फसाल. काम बघायचं असेल तर ते कुठून निघून कुठे गेलं, त्याचा माग काढत फिरावं लागतं. सोबत तीन प्रश्न ठेवले की पुरतात: माल कोणाचा, वीज कोणाची, आणि खोट आली तर ती कोणाच्या माथी?

पहिला दिवस: मुरारजी पेठ

पुण्याहून निघणारी इंद्रायणी एक्स्प्रेस दुपारी दीडच्या सुमाराला सोलापुरात सोडते. डिसेंबरचा शेवट असूनही दुपारचं ऊन चांगलंच टोचतं, थंडी जाणवते ती संध्याकाळी सहानंतर. राहायला स्टेशन ते सात रस्ता या पट्ट्यात जागा घ्यावी. इथून पश्चिमेच्या गिरण्या आणि पूर्वेचे माग, दोन्हीकडे रिक्षाने लवकर पोचता येतं.

मुरारजी पेठेला हे नाव मिळालं मोरारजी गोकुळदासांवरून. त्यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या आणि पहिली आपोआप ‘जुनी गिरणी’ झाली. आज रिक्षावाल्याला ‘जुनी मिल कंपाउंड’ एवढं सांगितलं की पुरतं. गिरणी १९६०च्या दशकातच बंद पडली, तरी पत्त्यात ती अजून टिकून आहे. आतल्या जागेवर इमारती, दुकानं, दवाखाने उभे राहिलेत. बाकीच्या गिरण्या त्यानंतर काही दशकांत एकेक करून थांबल्या.

गिरणीचे अवशेष ओळखायचे असतील तर छपराकडे बघावं. करवतीच्या दातांसारखं छप्पर असेल आणि काचा फक्त उत्तरेकडे, तर ते विणकाम खातं. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. थेट ऊन आत आलं की सूत सुकतं, आणि सुकलेला धागा तुटतो. सुती विणकामाला हवेत पाऊणशे टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. सोलापूरच्या हवेत तो पावसाळा सोडला तर नसतोच. गिरण्या त्यासाठी पाण्याचे फवारे मारणारी यंत्रणा बसवायच्या. ही बाब लक्षात ठेवा, उद्या ती पुन्हा येणार आहे.

तीन प्रश्नांची उत्तरं इथे सोपी होती. कापूस गिरणीचा, वीज गिरणीची, आणि ताणा, म्हणजे उभे धागे, तुटून कापडाला खोट आली तर नुकसानही गिरणीचंच. कामगार आपले हात घेऊन यायचा. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. चाळ, रेशनचं दुकान, खानावळ, उधारीवर देणारा वाणी हे सगळं त्या भोंग्यावर चालायचं. पगाराची तारीख ठरलेली असल्यामुळे वाणीही बिनधास्त उधार द्यायचा. गिरणी बंद पडायला आली तेव्हा नोकरीच्या आधी आटली ती ही उधारी, असं जुने दुकानदार सांगतात. त्यात तथ्य असावं. महिन्याच्या पगारावर महिन्याची वही चालते. रोजच्या मजुरीवर चालतो तो फक्त रोख व्यवहार.

संध्याकाळी चार हुतात्मा पुतळ्यांच्या चौकात जरूर थांबावं. मे १९३०मध्ये गोळीबारानंतर सोलापूरकरांनी काही दिवस शहराचा कारभार हातात घेतला. त्यावर सरकारने मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव त्यांच्यावरूनच आहे. एके काळी एवढी धग असलेलं हे कामगारांचं गाव होतं.

जेवणात कडक भाकरी मागा. ती पापडासारखी कुरकुरीत असते आणि आठवडा-पंधरवडा टिकते. शेंगा चटणी घ्यायची तर उखळात कुटलेली. मिक्सरमधून काढलेली चटणी भुरभुरीत आणि कोरडी राहते. कुटलेल्या चटणीला स्वतःचं तेल सुटतं, चिमटीत दाबली की गोळा होतो. दुकानात एवढी परीक्षा करून बघायला हरकत नाही.

दुसरा दिवस: पूर्व भाग

सकाळी लवकर कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक या बाजूला जावं. इथे पाट्यांवर मराठीच्या शेजारी तेलुगू दिसायला लागतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मैत्रीत सोलापुरी ‘काय बे’. मागाला इथे कुणी ‘मग्गम’ म्हणालं तर गोंधळू नका, तो तेलुगूतला मागच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा माग बंद असतात. कारखाने बघायला त्या दिवशी जाऊ नये, रथ बघायला मात्र जावं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. आत चार, आठ, फार तर चोवीस माग. आधी आवाज अंगावर येतो, मग कापसाचा तूस नाकात जातो. रुमाल न्या. सैल ओढणी, लोंबता स्कार्फ, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा हे सगळं बाहेर ठेवा. मागाच्या कडेला, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या रेषेत, कधीही उभं राहू नये. धोटा दर मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो. धोट्याला ठोका देणारा पिकर झिजला किंवा पट्टा सैल झाला की तो रेषा सोडून उडतो. त्याचं टोक धातूचं असतं.

सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डमुळे येते. मागाच्या डोक्यावर हे यंत्र बसवलेलं असतं आणि त्यातून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा घालायला एक कार्ड लागतं. कार्डावर भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मोर, वेल, कोयरी पुन्हा सुरू होईपर्यंत बाराशे धागे लागत असतील तर कार्डंही बाराशेच. एखादं भोक चुकीच्या जागी पडलं तर चूक एकदाच दिसत नाही, प्रत्येक मोराच्या पंखात दिसते. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, कार्ड अडकतं आणि नक्षी घसरते. म्हणून कार्डांच्या माळा जमिनीपासून उंच टांगलेल्या असतात.

कार्ड कापणं हा वेगळाच धंदा होता. आलेख कागदावर चौकोन रंगवून नक्षी काढायची आणि त्यावरून ओळीने भोकं पाडायची. आता नक्षी संगणकावर तयार होते. इलेक्ट्रॉनिक जेकार्डला ती पेनड्राइव्हवरून दिली की झालं. पेठांमध्ये कार्ड कापणारी मोजकी म्हातारी माणसं उरली आहेत, आणि त्यांच्याकडे काम येतं ते बहुतेक जुन्या माळेतलं फाटलेलं कार्ड बदलण्याचं. नवी नक्षी महिनोन् महिने येत नाही. सोलापुरी चादरीवरचा मोर एवढी वर्षं तोच का दिसतो, याचं एक साधं उत्तर हेच आहे. नवा मोर म्हणजे नवी बाराशे कार्डं, आणि तो विकला जाईल याची हमी कुणाची नाही.

टेरी टॉवेलचा माग जरा वेळ देऊन बघावा. त्याला बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, दोन असतात. खालचा ताणा ताठ, वरचा सैल. बाण्याचे दोन धागे कापडापासून थोडं अंतर राखून घातले जातात. तिसऱ्या धाग्याला फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही धागे एकदम ठोकते. त्या धक्क्याने सैल ताणा उचलला जातो आणि त्याचे फासे होतात. पाणी शोषतात ते हे फासे. सैल बीमचा ब्रेक झिजला की फासे एकीकडे उंच, एकीकडे बुटके येतात. अशा टॉवेलवर हात फिरवला तर पाणंदीत चालल्यासारखं लागतं. हा माल ‘सेकंड’ म्हणून बाजूला पडतो.

आता हिशोब. समजा साधा माग मिनिटाला १२० धागे घालतो, कापडात इंचाला ४० धागे आहेत आणि आठ तासांतला पाऊण वेळच माग खरोखर चालतो. १२० × ६० × ८ म्हणजे ५७,६०० धागे. त्याचे पाऊण ४३,२००. भागिले ४०, म्हणजे १,०८० इंच, तीस वार. हेच कापड मिनिटाला ३०० धागे घालणाऱ्या, धोट्याविना चालणाऱ्या रॅपिअर मागावर घेतलं आणि तो नव्वद टक्के वेळ चालला, तर नव्वद वार निघतात. तिप्पट. शिवाय साध्या जेकार्ड मागांवर एक माणूस साधारण दोन माग सांभाळतो, रॅपिअरवर त्याच्याहून कितीतरी जास्त. तरी सगळे रॅपिअर का घेत नाहीत? एक रॅपिअर नीट चालवायला सूत एकसारखं लागतं, ताण्याला खळ व्यवस्थित लागते, वीज खंडित होऊन चालत नाही, आणि माग थांबला की हप्ता थांबत नाही. यंत्रं नवी करण्यासाठी केंद्राची अनुदान योजना होती, तिचा शेवटचा अवतार मार्च २०२२मध्ये संपला. ज्यांनी तोवर माग बदलले ते टॉवेलच्या निर्यातीत टिकून आहेत. उरलेल्यांचे माग भंगारवाला किलोवर नेतो.

शेडमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल: फरशीवर मारलेलं पाणी. गिरणीत दमटपणासाठी यंत्रणा होती, इथे बादली आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की ताणा सारखा तुटतो, आणि विणकर विणण्यापेक्षा सांधण्यातच जास्त वेळ घालवतो. मजुरी विणलेल्या मालावर असते, सांधण्याचे पैसे नाहीत. आणि पाण्याचं म्हणाल तर शहराच्या नळाला ते काही दिवसांआड येतं. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर आहे, तिथून पाइपने आणलं तरी. सूत रंगवणाऱ्या रंगणीवाल्याला रोज पाणी लागतं, म्हणून टँकर, म्हणून रंगणीचा दर चढा.

तीन प्रश्न इथे विचारले की उत्तरं फुटायला लागतात. मालक स्वतः सूत घेऊन विणत असेल तर सूत त्याचं, वीज त्याची, खोटही त्याचीच. पण बरेच माग आता जॉबवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, तयार माल व्यापाऱ्याचा. वीज, सुटे भाग, मजूर आणि खोट मात्र मागवाल्याची.

स्वतःचा माल विणणाऱ्यालाही सुटका नाही. त्याचं गणित एका कागदावर मांडता येतं. समजा सूत, रंग, मजुरी मिळून रोजचा खर्च दहा हजार. सूत रोखीने किंवा आठवड्याच्या बोलीवर घ्यायचं. रंगणी, विणणं, शिवण, घडी यात वीस दिवस जातात. परगावचा व्यापारी पैसे देतो नव्वद दिवसांनी. म्हणजे एकशे दहा दिवस पैसा अडकला. सुट्या वजा करून नऊ-साडेनऊ लाख. बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज लाखाच्या वर, म्हणजे कामाच्या दर दिवसाला साडेतीनशेहून जास्त. आणि मालावर सुटतात पाच टक्के, म्हणजे दिवसाचे पाचशे. उरलेल्या दीडशेहून कमी रुपयांत मागाचा तुटलेला पिकर, मुलाची फी आणि मालकाचा स्वतःचा पगार.

यावर आयकर कायद्यात इलाज केला गेला. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर पंचेचाळीस दिवसांत आणि नसेल तर पंधरा दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. कागदावर उत्तम. पण मोठा खरेदीदार यातून दोन प्रकारे सुटतो. एक तर छोटा उद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी नसलेल्याकडून माल घेतो, किंवा ‘नोंदणी रद्द कर, मग ऑर्डर’ असं तोंडी सांगतो. उधारी घटवण्यासाठी केलेला नियम छोट्याला ऑर्डरच गमवायला लावू शकतो, ही त्यातली गोम. मागवाल्यांनी तरी उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापायला कचरू नये. तो छापलेलाच नसेल तर पुढे भांडायलाही जागा उरत नाही.

दुपारी पूर्व भागातच जेवून घ्यावं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलं की कानातली खडखड हळूहळू उतरते. पूर्ण उतरायला रात्र लागते.

तिसरा दिवस: कुंभारी आणि गणवेश

शहराच्या पूर्वेला अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी. इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आहे. ती २००६मध्ये हस्तांतरित झाली. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जवळच रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. ओळीने सारखी घरं, दारात तुळस, आणि सकाळी दहा वाजता उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया. गिरणीतून निघालेलं काम मागावर आलं आणि मागावरच्या घरांना जेव्हा पुरेनासं झालं, तेव्हा घरातल्या बाईचं विडीचं सूप घर चालवायला लागलं. हा सगळा क्रम एकाच उंबऱ्यावर बघायला मिळतो. नवरा मागावर, सासरा कधीकाळी गिरणीत, आणि ही विड्या वळतेय.

फोटो विचारल्याशिवाय काढू नये. ‘अक्का, बसू का जरा?’ असं विचारून बसावं. हात थांबत नाहीत, बोलणं मात्र सुरू होतं.

विडी वळायची रीत अशी. तेंदूची पानं रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा मापाचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, शिरा टाळून. शीर मधे आली की विडी उकलते. पानावर चिमूटभर तंबाखू, साधारण पाव ग्रॅमहून थोडी कमी. वळायचं, तोंड नखाने किंवा लोखंडी काडीने दुमडून बंद करायचं, बुडाला दोरा. हजार विड्यांना पान अर्धा किलोच्या वर आणि तंबाखू दोनशे ग्रॅमच्या आसपास लागते. हजार वळायला सराईत हातालाही आठ-दहा तास.

आता पुन्हा ते तीन प्रश्न. पान आणि तंबाखू कारखान्याची, मोजून दिलेली. वीज म्हणजे घरातला दिवा, तो बाईचा. आणि खोट? पानं वाळकी, भोकाची निघाली तर हजार पूर्ण होत नाहीत. मग कमी पडलेली पानं बाई स्वतःच्या पैशाने बाजारातून आणते. संध्याकाळी विड्या जमा करायला गेल्यावर तपासणारा छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढतो. छाटेची मजुरी मिळत नाही आणि विडीही परत मिळत नाही. म्हणून जाणत्या बाया हजारावर काही विड्या जादाच वळून नेतात.

हा धंदाही उताराला लागलाय, आणि तो वाचवा असं म्हणायला जीभ रेटत नाही. तंबाखू दिवसभर उघड्या नाकातोंडापाशी, लेकरू शेजारी. पाकिटावर मोठी सचित्र सूचना आली, २०१७मध्ये जीएसटी २८ टक्के लागला. त्याच वर्षी विडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला. दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा आधार तो होता, आता हा खर्च सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आहे. प्रश्न विडीचा नाहीच, त्या बाईला घरी बसून, मुलं सांभाळून करता येईल असं दुसरं काम काय, हा आहे.

त्याचं एक उत्तर दुपारी बघता येतं. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा व्यवसाय वाढलाय. गेल्या काही वर्षांतली चांगली बातमी म्हणायची तर हीच. कापड बऱ्याच वेळा राजस्थानातल्या भिलवाड्यासारख्या ठिकाणाहून येतं. कापणी एका जागी होते: ऐंशी-शंभर थर एकावर एक रचून पट्टीच्या यंत्राने एकदम. शिवण मात्र घराघरांत वाटली जाते. कॉलर एकीकडे, बाही दुसरीकडे, काज-बटण तिसरीकडे. कापताना थर सरकला तर खालच्या थरांतल्या बाह्या अर्ध्या इंचाने लहान येतात, आणि ते कळतं शेवटी, शर्ट जोडताना. नगावर मजुरी असल्याने उसवून पुन्हा शिवायचा वेळ शिवणारीचा जातो. मशीन तिची, दोरा बहुतेक वेळा तिचा, सुई तर तिचीच.

गणवेशाचा हंगाम विचित्र असतो. ऑर्डर हिवाळ्यात पक्क्या होतात, माल मे संपायच्या आत पोचवायचा, पैसे शाळा सुरू झाल्यावर. जुलैपासून कामाला ओहोटी. शिवाय शाळेचं बोधचिन्ह आणि रंग ठरलेला असल्याने उरलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही. २०२०मध्ये शाळा उघडल्याच नाहीत, तेव्हा या धंद्याचा नेमका हाच दोष सगळ्यांना एकदम कळला. ज्यांनी रंगीत, बिनचिन्हाचे पँट-स्कर्ट शिवून ठेवले होते त्यांचा माल पुढे खपला, बोधचिन्ह लावलेला पडून राहिला. तेव्हापासून शहाणे शिवणकरी बोधचिन्ह शेवटच्या आठवड्यातच लावतात.

चौथा दिवस: चाटी गल्ली

बाजाराचा दिवस. चाटी गल्ली, मधला मारुती, नवी पेठ. सकाळी अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही, दुकानं उघडत असतात. दुकानदाराची बोहनी झाली की मग तो निवांत बोलतो.

चादर घेताना काय बघायचं, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी त्याच नावाने बाहेरचा माल इथल्याच बाजारात मिळतो. आधी चादर उलटी करा. खरी जेकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते: पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर लाल. मागची बाजू फिकट आणि नक्षी अंधूक असेल तर ती छापील. मग किनारीतून एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि राख बोटात चुरते. मिश्र असेल तर कडक मणी उरतो. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर जोरात घासा. रुमालाला किंचित रंग लागणं चालतं, डाग पडला तर सोडून द्या. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान आहेच, पण चांगला दुकानदार स्वतःच काडेपेटी काढून देतो.

सुताच्या ‘नंबर’ने दबून जाऊ नका. एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो नंबर. म्हणजे तेवढ्याच लांबीचं दहा नंबरचं सूत वीसपेक्षा वजनाला दुप्पट, अर्थात जाड. चादरीला जाड सूतच लागतं. ‘जास्त नंबर म्हणजे भारी’ हे साडीला चालतं, इथे नाही. टॉवेलचं उलटं: हात लावल्यावर फार गुळगुळीत लागला तर त्यावर मऊपणाचं रसायन जास्त आहे, पाणी शोषणार नाही. दोन-तीन धुण्यांनंतर तो टॉवेल व्हायला लागतो. पहिल्या धुण्यांना चादर आणि टॉवेल वेगवेगळे धुवा, नाहीतर टॉवेलचा तूस चादरीला चिकटतो.

दुकानदारांचा त्रास मागवाल्यांपेक्षा वेगळा. जाड सुती चादर वीस-वीस वर्षं फाटत नाही. गिऱ्हाईक परत येतं ते पुढच्या लग्नालाच. तेवढ्यात पानिपतची पॉलिस्टरची झुपकेदार ब्लँकेटं आली. वजनाला हलकी, दिसायला भरगच्च, रंगाने चकचकीत, आहेरात उठून दिसणारी. लग्नाचा बस्ता बांधताना पूर्वी चादरींची थप्पी ठरलेली असायची, तिची जागा त्यांनी घेतली. चाटी गल्लीत सोलापुरी चादरीच्या शेजारीच ती ब्लँकेटं रचलेली दिसतात. ‘तेच खपतं, काय करता?’ यावर वाद घालायला कुणाकडे काही नाही. दुकानदाराच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. माल त्याचा, वीज त्याची, पडून राहिलेली थप्पीही त्याचीच.

हुरडा मिळाला तर याच दिवशी दुपारी शहराबाहेर जाऊन यावं. संक्रांतीच्या दिवसांत येणार असाल तर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते. तेव्हा राहायची जागा आधी ठरवा आणि कारखाने बघायचा बेत दुसऱ्या दिवसांवर ढकला.

परत जाताना होटगी रस्त्यावरून गेलात तर विमानतळ दिसेल. त्याच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३मध्ये स्फोट घडवून पाडली. २०२५पासून गोव्याला विमान सुरू झालं. गावात त्या चिमणीवरून अजून दोन तट आहेत. रिक्षात विषय काढला तर सात रस्ता येईपर्यंत संपत नाही.

परतीबद्दल

पाचव्या दिवशी पहाटेच्या हुतात्माने निघायचं असेल तर जागा आधी राखून ठेवा. सोमवारी तर नक्कीच, आणि रविवारी संध्याकाळी पुण्याला जाणाऱ्या कुठल्याही गाडीलाही. शनिवार-रविवार घरी आलेली पोरं तेव्हा हिंजवडी, चाकणला परत जातात. डब्यात प्रत्येकाच्या पिशवीत कडक भाकरीची चळत असते. वरच्या फळीवर सामान ठेवताना जपून ठेवा, ती दाबली की तिचा चुरा होतो.